मांचू भाषेचा ऱ्हास : तीन प्रचलित स्पष्टीकरणांची चिकित्सा



मांचू ही एका बलाढ्य साम्राज्याच्या राज्यकर्त्यांची भाषा होती. चिंग घराण्याने १६४४ पासून १९१२ पर्यंत, म्हणजे २६८ वर्षे, बीजिंगमधून राज्य केले. आज चीनच्या जनगणनेत स्वतःची नोंद 'मांचू' अशी करणारे लोक एक कोटीहून अधिक आहेत. मात्र ही भाषा लहानपणी घरात शिकलेली माणसे ईशान्य चीनमधल्या सानज्याझसारख्या एखाद्या खेड्यात उरली आहेत. तीही वृद्ध, आणि हाताच्या बोटांवर मोजावीत इतकीच. युनेस्कोने तिला अतिसंकटग्रस्त भाषांमध्ये धरले आहे.

हे कसे घडले? पाठ्यपुस्तकांत आणि लोकप्रिय लेखनात या प्रश्नाची तीन उत्तरे सापडतात. पहिले, चिनी संस्कृती श्रेष्ठ होती आणि तिने जेत्यांना पोटात घेतले. दुसरे, राज्यकर्त्यांनी आपल्या भाषेकडे दुर्लक्ष केले. तिसरे, मांचू संख्येने फार थोडे होते. या टिपणात आपण ही तिन्ही उत्तरे पुराव्यावर घासून पाहू. मी अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकवतो. एखादे यंत्र बंद पडले, तर 'ते जुने झाले होते' एवढे उत्तर आम्ही विद्यार्थ्याकडून स्वीकारत नाही. कोणता भाग, कोणत्या भाराखाली, केव्हा निकामी झाला, असे विचारतो. भाषेच्या बाबतीतही तेच विचारायला हवे.

१. भाषेची आणि लिपीची ओळख

मांचू ही तुंगुसी कुळातली भाषा आहे. सायबेरियातली एवेंकी आणि आमूर नदीकाठची नानाई या तिच्या नातलग भाषा. चिनीशी तिचे कुळाचे नाते नाही. 'बी बिथे हूलाम्बी' म्हणजे 'मी पुस्तक वाचतो'. कर्ता, कर्म आणि शेवटी क्रियापद हा क्रम आपल्यापैकी बहुतेकांच्या मातृभाषेसारखाच आहे. नामामागून विभक्तीचे प्रत्यय येतात. काही शब्दांत तर केवळ स्वर बदलून लिंग बदलते. 'हाहा' म्हणजे पुरुष आणि 'हेहे' म्हणजे स्त्री, 'आमा' म्हणजे वडील आणि 'एमे' म्हणजे आई.

मांचूंचे पूर्वज जुर्चेन. त्यांच्या जिन घराण्याने १११५ ते १२३४ या काळात उत्तर चीनवर राज्य केले होते आणि त्यांची स्वतःची लिपीही होती. पुढे ती वापरातून गेली. सोळाव्या शतकाच्या अखेरीस नुरहाचीने जुर्चेन टोळ्या एकत्र आणायला सुरुवात केली, तेव्हा पत्रव्यवहार मंगोल भाषेत चाले. बोलायचे एका भाषेत आणि लिहायचे दुसरीत, ही अडचण त्याला खटकली. १५९९ मध्ये त्याने एर्देनी आणि गागाई या दोघांना मंगोल लिपी आपल्या भाषेसाठी वापरण्याची आज्ञा केली. यातले 'एर्देनी' हे नाव आपल्याला परके नाही. संस्कृतातला 'रत्न' हा शब्द उइघुर आणि मंगोल भाषांतून फिरत तिथे पोहोचला, त्याचेच हे रूप.

या पहिल्या लिपीत मोठी संदिग्धता होती. एकाच अक्षराने दोन-तीन उच्चार दाखवले जात. 'आगा' म्हणजे पाऊस आणि 'आहा' म्हणजे गुलाम, पण कागदावर दोन्ही सारखेच दिसत. १६३२ मध्ये दाहाई या विद्वानाने अक्षरांच्या बाजूला टिंबे आणि लहान वर्तुळे जोडली. टिंब असेल तर 'ग', वर्तुळ असेल तर 'ह', काहीच नसेल तर 'क'. चालू लिपीत किमान बदल करून जास्तीत जास्त संदिग्धता घालवणारी अशी सुधारणा कोणत्याही अभियंत्याला आवडेल. १६३५ मध्ये नुरहाचीचा मुलगा होंग ताइजी याने 'जुर्चेन' हे नाव टाकून 'मांचू' हे नाव लागू केले आणि पुढच्याच वर्षी चिंग राज्याची घोषणा केली. बीजिंगमध्ये प्रवेश करताना मांचूंकडे सैन्य होते, नाव होते आणि नेमकी लिपीही होती.

२. पहिले स्पष्टीकरण : श्रेष्ठ संस्कृतीने गिळले

हे स्पष्टीकरण सर्वांत जुने. चीनवर स्वारी करणारे सगळेच अखेरीस चिनी होतात, असा त्याचा आशय. १९९६ मध्ये एव्हलिन रॉस्की यांनी अमेरिकेतल्या आशिया-अभ्यासकांच्या संघटनेच्या अध्यक्षीय भाषणात या मतावर हल्ला चढवला. चिंग राज्य दीर्घकाळ टिकले, कारण राज्यकर्त्यांनी आपले वेगळेपण राखले आणि मंगोल, तिबेटी, मध्य आशियाई प्रजेशी त्या-त्या परंपरेतून नाते जोडले, असे त्यांचे म्हणणे. १९९८ मध्ये ज्येष्ठ इतिहासकार हो पिंग-ती यांनी चिनीकरणाच्या बाजूने घणाघाती उत्तर दिले. २००१ मध्ये मार्क एलियट यांचे 'द मांचू वे' हे पुस्तक आले. भाषा गेली तरी मांचू असण्याची जाणीव गेली नाही, कारण ती 'आठ ध्वज' या लष्करी-सामाजिक व्यवस्थेच्या आधाराने उभी होती, अशी त्यांची मांडणी आहे.

हा वाद जरूर वाचा. वाचताना एक गोष्ट मात्र ध्यानात ठेवा. वादाचा विषय अस्मिता आणि राज्यसत्ता हा आहे. त्यात भाषेला साक्षीदार म्हणून बोलावले जाते. एक बाजू म्हणते, भाषा गेली, म्हणून मांचू चिनी झाले. दुसरी म्हणते, भाषा गेली तरी ते चिनी झाले नाहीत. भाषा कोणत्या यंत्रणेने गेली, हा प्रश्न दोन्हीकडे मागे पडतो.

'श्रेष्ठ संस्कृती' हे कारण तर यंत्रणा सांगतच नाही. त्यात दडलेला अर्थ असा, की मांचू भाषा प्रगत विचारासाठी अपुरी होती. पुरावा उलटे सांगतो. १६९० च्या सुमारास बूव्हे आणि जेर्बियाँ या फ्रेंच जेझुइटांनी सम्राट कांगशीला भूमिती शिकवली ती मांचूतून. पारनँ या त्यांच्याच पंथबंधूने मानवी शरीररचनेवरचा ग्रंथ मांचूत तयार केला. तुलिशेन या अधिकाऱ्याने व्होल्गाकाठच्या तोरगुत लोकांकडे १७१२ ते १७१५ या काळात केलेल्या प्रवासाचे वर्णन मांचूत लिहिले. बौद्ध कांग्यूर ग्रंथसंग्रहाचे १०८ खंड अठराव्या शतकात मांचूत आले. युरोपातले कित्येक अभ्यासक चिनी ग्रंथ समजून घेण्यासाठी आधी मांचू शिकत, कारण तिचे व्याकरण त्यांना सोपे आणि स्पष्ट वाटे. भाषेची क्षमता कमी पडली, असे यातून दिसत नाही.

शरीररचनेच्या त्या ग्रंथाचे पुढे काय झाले, ते मात्र लक्षात ठेवा. कांगशीने तो छापू दिला नाही. तो राजवाड्यात कडीकुलपात राहिला. या गोष्टीकडे आपण पुन्हा येऊ.

३. दुसरे स्पष्टीकरण : राज्यकर्त्यांचे दुर्लक्ष

हे सर्वांत दुबळे स्पष्टीकरण. मांचूसाठी चिंग दरबाराने जेवढे केले, तेवढे फार थोड्या भाषांच्या वाट्याला आले असेल. १७०८ मध्ये कांगशीच्या आज्ञेने मांचूचा मोठा कोश निघाला. १७७१ मध्ये च्येनलोंगने त्याची वाढवलेली आवृत्ती काढली. पुढे मांचू, तिबेटी, मंगोल, तुर्की आणि चिनी अशा पाच भाषांचा कोश झाला. भाषांतराच्या सरकारी परीक्षा होत्या, ध्वजव्यवस्थेतल्या मुलांसाठी शाळा होत्या, मांचू शिकवणारी द्विभाषिक पाठ्यपुस्तके होती. मांचू न येणाऱ्या मांचू अधिकाऱ्यांना च्येनलोंगने वेळोवेळी झाडले. घोडेस्वारी, तिरंदाजी आणि मांचू बोलणे हे आपले मूळ आहे, असा त्याचा आग्रह होता.

पण या प्रयत्नांचे स्वरूप पाहा. १७४७ मध्ये च्येनलोंगने राजघराण्याच्या शामानी पूजाविधींची पोथी मांचूत लिहून काढण्याचे काम हाती घेतले. पूर्वीचे शामान लहानपणापासून मांचू बोलत वाढलेले असल्यामुळे प्रसंग पाहून प्रार्थना रचत. नंतरचे शामान एकमेकांकडून पाठ करू लागले आणि शब्द बिघडत गेले. ते थांबवण्यासाठी शुद्ध पाठ ठरवायचा, अशी यामागची भूमिका. निदान अचूक होते. भाषा आता घरातून येत नव्हती, पाठांतरातून येत होती. उपाय मात्र बिघडलेले पाठांतर सुधारण्याचा होता. नवी प्रार्थना रचू शकेल असा माणूस त्यातून घडणार नव्हता.

या साऱ्याचे शेवटचे टोक म्हणजे अखेरचा सम्राट पूयी. आपल्या आत्मचरित्रात तो सांगतो, की मांचू हा त्याचा सर्वांत कच्चा विषय होता आणि त्याला एकच शब्द येत असे, 'इली', म्हणजे 'उठा'. गुडघे टेकलेल्या मांचू मंत्र्यांना तेवढे म्हणावे लागे. कोशात हजारो शब्द आणि सम्राटाच्या तोंडी एक, याला दुर्लक्ष म्हणता येत नाही. आस्था होती, ती चुकीच्या जागी लावली गेली.

४. तिसरे स्पष्टीकरण : संख्या कमी

यात तथ्य आहे. साम्राज्याच्या लोकसंख्येत ध्वजव्यवस्थेतली माणसे शंभरात एखाद-दुसरीच असतील, आणि त्यांतही सगळे मांचू नव्हते. नुरहाचीने १६२१ मध्ये ल्याओदोंग जिंकला तेव्हापासून चिनी भाषिक मोठ्या संख्येने त्याच्या राज्यात आले. १६४२ पर्यंत त्यांचे स्वतंत्र आठ ध्वज उभे राहिले. म्हणजे बीजिंग घेण्यापूर्वीच जेत्यांच्या छावणीत चिनी ही रोजची भाषा होती.

तरीही नुसती संख्या पुरेशी नाही. आपल्याच देशातली उदाहरणे घ्या. भारतात ब्रिटिश प्रजेच्या तुलनेत मूठभर होते, पण त्यांची इंग्रजी गेली नाही, उलट पसरली. मुघलांचे पूर्वज चगताई तुर्की बोलत. बाबराने आत्मचरित्र त्याच भाषेत लिहिले. अकबराच्या दरबारात १५८९ मध्ये अब्दुर्रहीम खानखानाने त्याचा फारसी अनुवाद सादर केला. दोन्ही राज्यकर्ते संख्येने थोडेच, पण परिणाम परस्परविरुद्ध. फरक कशात आहे? एक कारण म्हणजे ब्रिटिशांचा मायदेशाशी संबंध तुटला नव्हता. दुसरे असे, की इंग्रजी ही प्रजेसाठी नोकरीची वाट झाली. शेजारी ती शिकू लागला.

चिंग राज्यात शेजाऱ्याने मांचू शिकण्याचे कारणच ठेवले नव्हते. निवडक चिनी विद्वानांना ती शिकवली जाई, पण सर्वसाधारण चिनी माणसासाठी परीक्षा, व्यापार, न्याय हे सगळे चिनीत चाले. मांचूचा खास उपयोग लष्करी आणि सीमेवरच्या गोपनीय पत्रव्यवहारासाठी होता. गुपिताची भाषा इतरांना येत नसेल, तरच ती कामाची. त्याच वेळी ध्वजसैनिकाला व्यापार आणि कारागिरी करण्यास मज्जाव होता. त्याला सरकारकडून चांदी आणि धान्य मिळे. त्यामुळे बाजारात भाजी विकणारा, भांडे घडवणारा, कर्ज देणारा, असे सगळे चिनी बोलत. मांचू माणूस चिनी शिके, चिनी माणूस मांचू शिकत नसे. भाषाशास्त्रात याला एकतर्फी द्विभाषिकता म्हणतात. दोन पिढ्या दोन भाषा बोलतात आणि तिसरी पिढी कामाची तेवढी ठेवते. बीजिंगमधल्या मांचू घरांत अठराव्या शतकाच्या मध्यापर्यंत हे बऱ्याच अंशी घडून गेले होते.

दूर उत्तरेत भाषा अधिक टिकली. मांचूंच्या मूळ प्रदेशात चिनी वसाहतीवर दरबाराने निर्बंध ठेवले होते. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ते सैल झाले. मग रेल्वे आली आणि स्थलांतरितांचा लोंढा आला. १९११ च्या क्रांतीत शीआनसारख्या शहरांत मांचूंची कत्तल झाली, तेव्हा तर मांचू असणे लपवणेच शहाणपणाचे ठरले. १९८२ च्या जनगणनेत मांचू सुमारे ४३ लाख होते, १९९० मध्ये सुमारे ९८ लाख. आठ वर्षांत एवढी मुले जन्माला येत नाहीत. मांचू असणे सांगण्याची भीती ओसरली आणि काही सवलतीही मिळू लागल्या. अस्मिता अशी परत नोंदवता आली, भाषा नोंदवता आली नाही.

५. सिबे : इतिहासाने करून ठेवलेला प्रयोग

प्रयोगशाळेत आपण एकच नमुना दोन परिस्थितींत ठेवून फरक पाहतो. इतिहासात अशी संधी क्वचित मिळते. मांचूच्या बाबतीत ती मिळाली आहे. सिबे लोक मांचूच्या अगदी जवळची भाषा बोलत आणि मांचू लिपी वापरत. १७६४ मध्ये च्येनलोंगने शेनयांग परिसरातून सुमारे एक हजार सिबे सैनिक कुटुंबांसह पश्चिमेला, आजच्या शिनच्यांगमधल्या इली खोऱ्यात, सीमारक्षणासाठी पाठवले. बाकीचे मागे राहिले.

मागे ल्याओनिंगमध्ये राहिलेल्यांच्या वंशजांची संख्या आज जास्त आहे, पण त्यांची भाषा गेली. पश्चिमेला गेलेल्यांच्या वंशजांत ती विसाव्या शतकातही घराघरांत बोलली जात होती. १९४६ मध्ये त्यांनी आपल्या भाषेत वृत्तपत्र सुरू केले. असे का झाले? तिथे ते सलग गावांत, आपापल्या लष्करी तुकड्यांच्या वस्त्यांत राहिले. ते शेती करत. १८०२ ते १८०८ या काळात त्यांनी इली नदीचे पाणी आणणारा चाप्चाल कालवा खोदला. कालव्याच्या पाण्याची वाटणी, पेरणी, सोयरीक, भांडण, सारे त्याच भाषेत. कझाक, उइघुर या शेजाऱ्यांच्या भाषाही ते शिकले, पण कोणतीही एक शेजारभाषा घरात शिरण्याइतकी वरचढ नव्हती. लोक तेच, लिपी तीच, राजाही तोच. बदलली ती रोजच्या व्यवहाराची रचना. आज सिबेही संकटात आहे, आणि कारणही ओळखीचे आहे : शाळा, नोकरी आणि शहर चिनी भाषेत चालतात.

६. साहित्याची साक्ष

मांचूच्या लिखित साहित्यात अनुवादांचा भरणा मोठा आहे. अभिजात चिनी ग्रंथ, 'तीन राज्ये' ही कादंबरी, १७०८ मध्ये 'जिन पिंग मेई'. भाषेला प्रतिष्ठा यावी म्हणून हे करावे लागते. पण जिवंतपणा कुठे दिसतो? 'निशान शामानीण' या कथेत. शिकारीला गेलेला मुलगा मरतो आणि निशान नावाची विधवा शामानीण पाताळात जाऊन त्याचा प्राण परत आणते. वाटेत तिचा मेलेला नवरा आडवा येतो आणि 'आधी मला जिवंत कर' म्हणतो. ती त्याची पर्वा करत नाही. संवाद खटकेबाज आहेत, विनोद बोचरा आहे. ही कथा दरबाराने जपली नाही. ग्रेबेनश्चिकॉव्ह या रशियन अभ्यासकाने विसाव्या शतकाच्या आरंभी तिची हस्तलिखिते उत्तरेकडे गोळा केली आणि १९६१ मध्ये तिची एक प्रत रशियात प्रसिद्ध झाली. ध्वजसैनिकांच्या गायनप्रकारातली खेकड्यांची कथा हे दुसरे उदाहरण. खेकडे कसे खायचे हे न कळून उडालेल्या तारांबळीचे हे गमतीदार कथागीत चिनी आणि मांचू शब्दांची सरमिसळ करून रचले आहे. शुद्धतावाद्याला त्यात ऱ्हास दिसेल. मला त्यात दोन्ही भाषा कळणारा आणि हसणारा श्रोता दिसतो. तो श्रोता कोशाच्या एकाही पानावर नाही.

७. निष्कर्ष

माझा निष्कर्ष असा : मांचू भाषा दुबळी म्हणून गेली नाही आणि दुर्लक्षित म्हणूनही नाही. ती विशेषाधिकाराची भाषा म्हणून राखली गेली, आणि तो विशेषाधिकारच तिच्याभोवतीची भिंत ठरला. सत्ता, गोपनीयता आणि विधी तिला मिळाले. बाजार, शेत आणि शेजार मिळाले नाहीत. संख्येची कमतरता या रचनेमुळे घातक ठरली. या निष्कर्षालाही मर्यादा आहेत. सिबेंचे उदाहरण एकच आहे, आणि दूरस्थ वस्तीचा परिणाम व रोजच्या व्यवहाराचा परिणाम त्यात पूर्ण वेगळा काढता येत नाही.

याचे मोल आजही चुकवावे लागते. बीजिंगच्या दप्तरखान्यात मांचू कागदपत्रे लाखोंच्या संख्येने आहेत. ती चिनी कागदपत्रांच्या नकला असतील, असे बराच काळ गृहीत धरले गेले. वाचायला घेतल्यावर कळले, की सीमा आणि युद्धांविषयीचे बरेच काही फक्त मांचूतच आहे. ते वाचायला सिबे माणसांची मोठी मदत झाली. या दप्तरात आपलाही धागा आहे. १७९२ मध्ये चिंग सैन्य नेपाळवर चालून गेले, तेव्हा बंगालमधल्या 'पिलेंग' नावाच्या सत्तेविषयीच्या बातम्या दरबारात पोहोचल्या. हा शब्द म्हणजे आपल्या 'फिरंगी'चेच तिबेटी वाटेने गेलेले रूप. ईस्ट इंडिया कंपनीकडे उत्तरेकडून कसे पाहिले जात होते, हे शोधायचे तर अशी कागदपत्रे वाचणारा हवा.

विचारासाठी प्रश्न

१. एखाद्या भाषेसाठी कोश, परीक्षा आणि सरकारी मान्यता यांचा उपयोग नेमका कुठे होतो आणि कुठे होत नाही? मांचूच्या आधारे लिहा.

२. सिबेंच्या उदाहरणावर आणखी कोणता आक्षेप घेता येईल?

३. तुमच्या घरातल्या भाषेत गेल्या आठवड्यात कोणकोणते व्यवहार झाले, त्यांची यादी करा. त्यांतले कोणते तुमच्या आजी-आजोबांच्या वेळी त्या भाषेत होत होते आणि आता होत नाहीत? तुमच्या भाषेबाबत शेजार एकतर्फी आहे का, ते या यादीवरून ठरवा.